लेझर-प्लाझ्माचे क्ष-किरण मोजताना: कॉलेजातल्या तयारीपासून शेवटच्या शॉटपर्यंत

वाशीम, यवतमाळ, गडचिरोली, बुलढाण्याकडच्या कॉलेजांतून विद्यार्थी इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात किंवा मुंबईच्या प्रयोगशाळांत लेझरवर काम करायला जातात, तेव्हा हातात मोजके दिवस असतात. ते दिवस वाया जाण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. स्क्रीनवर काहीतरी उठले की तो क्ष-किरणांचा सिग्नल म्हणून वहीत जातो. प्रत्यक्षात तो लेझरचा भरकटलेला प्रकाश असतो, पॉकेल्स सेलचा (लेझरची पल्स सोडणाऱ्या विद्युत झडपेचा) गोंगाट असतो, नाहीतर आपल्याच केबलमधले परावर्तन असते. म्हणून पुढचा सगळा क्रम एका नियमावर बांधला आहे: सिग्नल खोटा नाही हे दाखवता येईपर्यंत त्याला खोटाच धरायचा.

उदाहरणासाठी एक मांडणी धरू. एनडी-याग लेझर, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, ऊर्जा ५०० मिलिज्यूल, पल्स ८ नॅनोसेकंद, तांब्याच्या टार्गेटवर ५० मायक्रॉन व्यासाचा ठिपका. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३ लाख कोटी वॅट. एवढ्या तीव्रतेला तांब्याच्या प्लाझ्मातून (लेझरने तापून आयन झालेल्या वाफेतून) १ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे मऊ क्ष-किरण मिळतात. डिटेक्टर सिलिकॉनचा वेगवान पिन डायोड (किरण पडले की प्रवाह देणारा), टार्गेटपासून ३० सेंटिमीटरवर.

१. आधी ठरवा: पल्सचा आकार हवा की एकूण ऊर्जा

हे ठरवल्याशिवाय कुठलीही जुळवाजुळव सुरू करू नका. आकार हवा असेल तर डायोड, केबल आणि ऑसिलोस्कोप (पुढे नुसता स्कोप) या सगळ्या साखळीचा उदयकाळ, म्हणजे सिग्नल तळापासून शिखराकडे चढायला लागणारा वेळ, मोजायच्या पल्सपेक्षा बराच कमी असावा लागतो. एकूण ऊर्जाच हवी असेल तर साखळी थोडी संथ असली तरी चालते, कारण वक्राखालचे क्षेत्रफळ तेवढेच राहते.

हिशेब कागदावर करा. स्कोपचा उदयकाळ म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ. ५०० मेगाहर्ट्झला ०.७ नॅनोसेकंद, १ गिगाहर्ट्झला ०.३५. डायोडचा उदयकाळ २.२ गुणिले ५० ओहम गुणिले त्याची धारिता. १० पिकोफॅरड असेल तर १.१ नॅनोसेकंद. केबलचे ०.३ धरा. तिन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. ५०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर उत्तर येते १.३ नॅनोसेकंद, १ गिगाहर्ट्झवर १.२. दुप्पट वेगाचा स्कोप मागून आणला तरी फायदा जवळपास शून्य, कारण गाडी डायोडपाशी अडली आहे. लहान क्षेत्रफळाचा डायोड किंवा जास्त बायस (डायोडला बाहेरून दिलेले स्थिर व्होल्टेज) यांचा उपयोग तिथे स्कोपपेक्षा कितीतरी जास्त होतो.

८ नॅनोसेकंदाच्या लेझरसाठी ही साखळी पुरते. पिकोसेकंद लेझर असेल तर या डायोडवरून पल्सच्या रुंदीबद्दल एक अक्षरही लिहू नका. तिथे दिसते ती रुंदी डायोडची स्वतःची असते. तसला आकार पाहायला स्ट्रीक कॅमेराच (वेळेचा बदल पडद्यावर अंतरात पसरवून दाखवणारा) लागतो. हिऱ्याचे डिटेक्टर किंवा क्ष-किरणांचे व्हॅक्यूम डायोड शंभर-दोनशे पिकोसेकंदांपर्यंत नेतात, त्याच्या खाली नाही.

२. बायसची पेटी

भारनियमन आणि शेतीपंपांच्या फीडरवरचे व्होल्टेजचे चढउतार पाहता, डायोडच्या बायससाठी मेनवरचा पॉवर सप्लाय वापरू नका. ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा, ४५ व्होल्ट मिळतात. बॅटरीत मेनचा गोंगाट नसतो आणि तिच्यातून अर्थिंगचे वेटोळेही (अर्थच्या तारांतून गोंगाट फिरवणारा बंद मार्ग) तयार होत नाही. नव्या बॅटऱ्या ९.५ व्होल्टच्या वर भरतात, तेव्हा बेरीज मीटरने मोजा आणि डायोडच्या माहितीपत्रकातल्या कमाल व्होल्टेजशी ताडून पाहा.

बायस-टीमध्ये (डायोडला बायस देणाऱ्या आणि त्याची पल्स स्कोपकडे काढणाऱ्या जोडात) दोनच महत्त्वाचे भाग: १०० किलोओहमचा चार्जिंग रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, १०० व्होल्ट किंवा जास्त क्षमतेचा. कपॅसिटर एवढा का, तर पल्सच्या काळात डायोडला लागणारा सगळा विद्युतभार तोच पुरवतो. ४५ व्होल्टला त्यात ४५० नॅनोकूलंब असतात. ५ व्होल्टची, १० नॅनोसेकंदांची पल्स ५० ओहममध्ये १ नॅनोकूलंब खाते. बायस जागचा हलत नाही. बरेच जण हाताशी आहे म्हणून १०० पिकोफॅरड लावतात. मग मोठ्या शॉटला बायस कोसळतो, पल्सची शेपटी लांबते आणि तिलाच प्लाझ्माचे थंड होणे समजले जाते.

पेटी धातूची घ्या, झाकण स्क्रूने बंद होणारे. कपॅसिटरच्या तारा ५ मिलिमीटरपेक्षा लांब ठेवू नका. तार लांबली की पल्सवर लाटा दिसतात.

तपासणी: डायोड अंधारात ठेवून चार्जिंग रेझिस्टरवरचे व्होल्टेज मोजा. १०० किलोओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे १०० नॅनोॲम्पिअर अंधारप्रवाह (प्रकाश नसतानाही डायोडमधून गळणारा प्रवाह). सिलिकॉनचा अंधारप्रवाह दर ८ ते १० अंशांना साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे खोलीतच ४० अंशांच्या वर तापमान असेल, तर २५ अंशांच्या माहितीपत्रकातला आकडा चार-पाच पट वाढलेला दिसणे स्वाभाविक आहे. डायोड बिघडला म्हणून फेकू नका. सकाळी सहाला पुन्हा मोजा.

३. केबलची परीक्षा कॉलेजातच

आरजी-५८ ही ५० ओहमची केबल सगळीकडे मिळते, पण १० मीटर आरजी-५८ मधून १ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळपास निम्माच उरतो. शक्य तिथे केबल आखूड ठेवा. लांब लागणारच असेल तर जाड, कमी क्षयाची, दुहेरी जाळीची केबल घ्या.

प्रत्येक केबल वेगवान पल्सने तपासा. त्यासाठी महागडे यंत्र नको. २एन२३६९ हा जुना स्विचिंग ट्रान्झिस्टर ॲव्हलांच पद्धतीने (व्होल्टेज मर्यादेपलीकडे नेऊन प्रवाह एकदम वाहू देऊन) वापरता येतो. कलेक्टरला १ मेगओहममधून सुमारे ९० व्होल्ट, कलेक्टर ते ग्राउंड २ पिकोफॅरड, बेसला १० किलोओहम ग्राउंडकडे, एमिटरला ५० ओहम. व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या. ठरावीक ठिकाणी तो आपोआप पल्स देऊ लागतो. उदयकाळ एक नॅनोसेकंदाच्या बराच खाली असतो. प्रत्येक ट्रान्झिस्टर हे करीलच असे नाही, चार-पाच आणून त्यातला चांगला निवडा.

पल्स टी-जोडातून स्कोपला (५० ओहम इनपुट) आणि तपासायच्या केबलला द्या, केबलचे दूरचे टोक उघडे ठेवा. परावर्तन दर मीटरला १० नॅनोसेकंद या हिशेबाने परत येते, कारण जायला ५ आणि यायला ५ लागतात. ४ मीटरच्या केबलला ४० नॅनोसेकंदांवर एकच उंचवटा दिसायला हवा. २३ नॅनोसेकंदांवर आणखी एक दिसला, तर २.३ मीटरवर केबल चेपली आहे किंवा जाळी तुटली आहे. कॉलेजातला १०० मेगाहर्ट्झचा स्कोपही या कामाला पुरतो. दोष एक-दीड वीत मागेपुढे दिसेल, एवढेच.

सावधान: स्कोपच्या ५० ओहम इनपुटला ५ व्होल्टपेक्षा जास्त सहन होत नाही. ॲव्हलांचची पल्स किंवा पहिला लेझर शॉट, दोन्ही वेळेला आधी २० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावा. तो व्होल्टेज दहाव्या हिश्शावर आणतो. सिग्नल लहान दिसला तर काढता येतो. जळलेले इनपुट मात्र परत येत नाही.

४. अर्थिंग, कूलर आणि धूळ

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती पाणी सोडते. मार्च ते जून खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का पाहून रोज पाणी टाका. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मीटरने मोजा. २-३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायरमनला बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डेझर्ट कूलर चालू असलेल्या खोलीत डिटेक्टर उघडा ठेवू नका. कूलरची हवा दमट असते आणि तिच्यासोबत बोअरच्या पाण्यातले क्षारही येतात. उच्च व्होल्टेजच्या कनेक्टरवर हा थर बसला की गळती सुरू होते. शिवाय कूलरची मोटर सुरू-बंद होताना मेनवर झटका देते. डायोडची चाचणी चालू असेपर्यंत कूलर बंद ठेवा, घाम आला तरी. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या गावांत बारीक तंतू उडत असतात. फिल्टरच्या ॲल्युमिनियम फॉइलचे काम त्या दिवसांत खिडक्या लावून करा.

डायोड आणि फॉइल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेल गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत तापवा, पण तो तवा पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्टचे संयुग घातलेले असते. बसने जाताना हा डबा मांडीवर असू द्या, टपावर किंवा डिकीत नको.

५. फिल्टर

डायोडला लेझरचा प्रकाश, प्लाझ्माचा दृश्य प्रकाश आणि क्ष-किरण सगळेच दिसतात. ॲल्युमिनियमची फॉइल पहिल्या दोघांना अडवते आणि क्ष-किरणांचा काही भाग सोडते. किती सोडते हे माहीत नसेल तर मोजमापाला अर्थ नाही. ५ मायक्रॉन ॲल्युमिनियम १ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टला २० टक्के, १.५ ला ५८ टक्के, २ ला जेमतेम ५ टक्के आणि ३ ला पुन्हा ३५ टक्के सोडते. मधला खड्डा ॲल्युमिनियमच्या १.५६ च्या शोषणकडेमुळे पडतो, त्या ऊर्जेच्या वर शोषण एकदम वाढते. म्हणजे फिल्टर हा साधा पडदा नाही. तो दोन खिडक्या उघडतो, आणि दुसऱ्या खिडकीतून येणारे कठीण किरण पहिल्यात मिसळतात.

स्वयंपाकघरातली फॉइल वापरायचा मोह होतो. ती १२ मायक्रॉन असेल तर १ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे फक्त २ टक्के सोडते. शिवाय तिची जाडी रोलागणिक बदलते. तातडीला वापरायचीच असेल तर १० सेंटिमीटर चौरस तुकडा मिलिग्रॅमच्या तराजूवर तोला. वजन (ग्रॅम) भागिले २.७, भागिले क्षेत्रफळ (चौरस सेंटिमीटर), म्हणजे जाडी सेंटिमीटरमध्ये.

फॉइलला सूक्ष्म छिद्रे असतातच. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहा. तारे चमकले तर तो तुकडा बाद. दोन पातळ फॉइल एकावर एक ठेवणे हे एका जाड फॉइलपेक्षा चांगले, कारण छिद्रावर छिद्र येण्याची शक्यता फार कमी असते.

सावधान: प्रयोगशाळेतील बेरिलियमच्या फॉइलला हात लावू नका. तिची धूळ विषारी असते. तुटली तर झाडू न मारता तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा.

६. चेंबरमधली मांडणी

डायोड टार्गेटच्या लंबरेषेशी ४५ अंशांवर बसवा, पण लेझर ज्या दिशेने परावर्तित होतो त्या दिशेला नको. डायोडसमोर नळी लावा, म्हणजे त्याला टार्गेटचा ठिपका दिसेल आणि लेन्स किंवा चेंबरची भिंत दिसणार नाही. नळीच्या तोंडाशी छोटे चुंबक दोन्ही बाजूंनी लावले की इलेक्ट्रॉन बाजूला वळतात.

फॉइलच्या मागे डायोडची बंद पोकळी राहिली तर पंप सुरू होताच आतली हवा फॉइल बाहेर फुगवून फोडते. डायोडच्या घराला बाजूने हवा निघायला छिद्र हवेच, पण वाकडे, म्हणजे हवा जाईल आणि प्रकाश येणार नाही. ही एक गोष्ट विसरल्याने जेवढ्या फॉइल फाटतात, तेवढ्या बाकी सगळ्या कारणांनी मिळून फाटत नसतील.

टार्गेट प्रत्येक शॉटनंतर सरकले पाहिजे. त्याच खळग्यात दुसरा शॉट पडला की प्लाझ्मा खळग्यात अडकतो आणि सिग्नल बदलतो. अर्धा ते एक मिलिमीटर सरकवा.

७. निर्वात, मग बायस. उलट नाही.

हवा मऊ क्ष-किरणांना गिळते. १ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या किरणांपैकी १ सेंटिमीटर हवेतून सव्वा टक्काच पार होतात. दाब १ मिलिबारच्या लाखाव्या भागाइतका आणा. रोटरी पंपाची झडप आधी जेमतेम उघडा, पहिली पाच मिनिटे हवा हळू निघू द्या. एकदम उघडली की छिद्र असूनही फॉइल धोक्यात येते.

सावधान: व्हॅक्यूम डायोड वापरत असाल आणि त्याला १ किलोव्होल्ट किंवा जास्त द्यायचे असेल, तर दाब पूर्ण उतरल्याशिवाय देऊ नका. मधल्या दाबाला उरलेल्या हवेतून विद्युत विसर्ग होतो आणि डिटेक्टर व स्कोप दोघांचेही नुकसान होते. हवा आत सोडतानाही आधी व्होल्टेज शून्य करा, कपॅसिटर रिकामा होऊ द्या, मग झडप उघडा.

८. ट्रिगर आणि स्कोप

ट्रिगर लेझरच्या इलेक्ट्रॉनिक सिंकवरून (वेळ कळवणाऱ्या सिग्नलवरून) घेऊ नका, तो शॉटागणिक पुढेमागे होतो. काचेच्या पट्टीवरून परावर्तित झालेला थोडा लेझर प्रकाश दुसऱ्या वेगवान फोटोडायोडवर पाडा आणि त्यावर ट्रिगर करा. वेळेचा शून्य तिथूनच मिळतो.

इनपुट ५० ओहम. १ मेगओहमवर राहून गेले तर केबलमधली परावर्तने पल्सच्या मागे रांग लावतात आणि उंचीही चुकते. सॅम्पलिंग किमान ५ गिगासॅम्पल प्रति सेकंद. बऱ्याच स्कोपमध्ये दोन चॅनेल चालू केले की ते निम्मे होते, हे मेनूत पाहून घ्या. सरासरीचे बटण बंद. दर शॉट वेगळा जतन करा.

९. खोटे सिग्नल पकडण्याचे शॉट

इथे घाई करू नका. पहिला अर्धा दिवस यालाच द्या. प्रत्येक चाचणीचे किमान पाच शॉट घ्या.

पितळेची पट्टी: फॉइलसमोर ३ मिलिमीटर जाडीची पट्टी धरून शॉट. आता क्ष-किरण नाहीत, प्रकाश नाही. तरी काही दिसले तर तो विद्युत गोंगाट. केबल चेंबरच्या भिंतीला चिकटवून न्या, फेराइट कडी घाला, पंप आणि चेंबर यांच्यात प्लास्टिकची कडी व चिमटा लावून अर्थिंगचे वेटोळे तोडा, स्कोप धातूच्या पेटीत ठेवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

काच: पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाची काच लावा. काच मऊ क्ष-किरण पूर्ण अडवते, लेझर आणि दृश्य प्रकाश जाऊ देते. पट्टी लावली असता सपाट असलेली रेघ आता उठली, तर फॉइलला छिद्र आहे किंवा घराच्या कडेने प्रकाश शिरतो. फॉइल बदला, कडा काळ्या टेपने बंद करा, पुन्हा काचेचा शॉट घ्या.

दोन मीटर केबल: डायोडच्या केबलला २ मीटर जोडा, ट्रिगरची तशीच ठेवा. डायोडमधून येणारा सिग्नल बरोबर १० नॅनोसेकंद उशिरा येईल. जागचा न हललेला उंचवटा स्कोपने किंवा मेनने थेट पकडलेला आहे.

बायस शून्य: इथे अनेकांची गल्लत होते. पिन डायोड बायसशिवायही सिग्नल देतो, पण तो लहान आणि संथ असतो. शून्य बायसला सिग्नलचा आकार तसूभरही बदलला नाही तरच संशय घ्या.

दुप्पट अंतर: डायोड ६० सेंटिमीटरवर न्या. सिग्नल चौथ्या हिश्शावर यायला हवा. निम्म्यावरच अडला तर जवळच्या अंतरावर डायोड संपृक्त झाला होता, म्हणजे किरण वाढले तरी सिग्नल त्या प्रमाणात वाढत नव्हता. ५० ओहमवरची उंची बायसच्या दहाव्या हिश्शाखाली, म्हणजे ४५ व्होल्टला ४.५ व्होल्टच्या आत ठेवा.

आणि काही मायक्रोसेकंदांनी येणारा मोठा, पसरट उंचवटा दिसला तर घाबरू नका. ते आयन असू शकतात. सेकंदाला १०० किलोमीटर वेगाने ३० सेंटिमीटर यायला त्यांना ३ मायक्रोसेकंद लागतात. क्ष-किरण तेवढे अंतर १ नॅनोसेकंदात कापतात.

१०. मोजण्याचे शॉट

लेझर अर्धा तास चालवून स्थिर होऊ द्या. फोकस शोधताना लेन्स पाव मिलिमीटरच्या टप्प्याने सरकवा आणि डायोडचा सिग्नल पाहून ठरवा. डोळ्यांना सर्वांत लखलखीत दिसणारी जागा आणि क्ष-किरण सर्वाधिक देणारी जागा एकच असेल असे नाही. डोळ्यांवर १०६४ नॅनोमीटरसाठीचाच चष्मा हवा. ५३२ चा हिरव्या प्रकाशाचा चष्मा १०६४ ला निरुपयोगी ठरू शकतो, तेव्हा काडीवर छापलेली तरंगलांबी वाचा.

प्रत्येक शॉटची लेझर ऊर्जा वहीत लिहा. लेन्ससमोरच्या संरक्षक काचेवर दिवसभरात तांब्याचा थर चढतो, टार्गेटवर पोहोचणारी ऊर्जा घटते आणि दुपारचे सिग्नल सकाळपेक्षा लहान येतात. दर वीस-तीस शॉटनंतर काच आणि फॉइल दोन्ही पाहा. उडालेले कण फॉइलला भोके पाडतात, म्हणून दिवस संपताना काचेचा शॉट पुन्हा एकदा घ्या. तो सपाट नसेल तर आधीच्या सपाट काचेच्या शॉटपर्यंतच्याच नोंदी ग्राह्य धरा.

११. व्होल्टपासून ज्यूलपर्यंत

समजा ॲटेन्युएटर काढल्यावर उंची ४० मिलिव्होल्ट आणि अर्ध्या उंचीवरची रुंदी ६ नॅनोसेकंद आली. प्रवाह ४० मिलिव्होल्ट भागिले ५० ओहम, म्हणजे ०.८ मिलिॲम्पिअर. भार सुमारे ४.८ पिकोकूलंब. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-विवर जोडी तयार व्हायला ३.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, त्यामुळे डायोडने शोषलेली ऊर्जा ४.८ गुणिले ३.६६, सुमारे १७.६ पिकोज्यूल. फिल्टरने २० टक्के सोडले असतील तर फॉइलवर पडलेली ८८. डायोड १ चौरस मिलिमीटरचा, ३० सेंटिमीटरवर, त्याचा घनकोन ०.००००११ स्टेरेडियन. उत्तर: दर स्टेरेडियनला सुमारे ८ मायक्रोज्यूल.

ॲटेन्युएटर असेल तर गुणक लावायला विसरू नका: २० डेसिबलला १०, १० डेसिबलला ३.१६, ६ डेसिबलला २. आणि २० टक्के हा आकडा सगळे किरण १ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे आहेत असे धरून आहे, हे उत्तराशेजारीच लिहा. ते गृहीतक तपासायचे असेल तर शेजारी दुसरा तसाच डायोड १० मायक्रॉन फॉइलमागे ठेवा. सगळे किरण खरेच १ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे असतील तर दोन सिग्नलांचे गुणोत्तर ५ येईल. ३ च्या आसपास आले, तर त्याहून कठीण किरणही येत आहेत आणि ८ मायक्रोज्यूल हा आकडा तसाच छापता येणार नाही.